तुळशीपाशी सारंग

आमच्या घरामागं एक मंगल कार्यालय आहे. वैशाख लागला, की सकाळचा चहा उकळायच्या आत तिथली सनई सुरू होते. वाजवणारा माणूस कुणी नसतो, पेनड्राइव्ह असतो, आणि गेली कित्येक वर्षं तोच आहे. आधी यमन, मग भूप, मग पुन्हा यमन. ऊन डोक्यावर येतं, पत्रे तापतात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागतं, तरी भोंग्यातून आपली संध्याकाळच ओतली जात असते. भाकरी थापता थापता माझा जीव वरखाली होतो.

"अहो, भर दुपारी यमन!"

आमचे हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून पेपर दोनदा वाचतात. पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "मठ्ठा गार असला म्हणजे झालं. पाहुण्यांना काय करायचंय यमन का सारंग? तुला देव भेटला तरी तू आधी त्याचा सूर तपासशील."

तपासेन की! गाण्याचा वर्ग चालवून चालवून केस पांढरे झाले. कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत आहे हेही मला कळतं आणि भाजीवाल्याची आरोळी कालच्यापेक्षा उतरली, तर त्याला सर्दी झालीय हेही कळतं. हे काही सुखाचं दुखणं नाही. उतरलेला सूर ऐकला, की मला दाढेखाली खडा आल्यासारखं होतं, आणि खडा काही मी गिळत नाही.

पण एवढी चिडचिड करूनही लगीनसराई मला फार आवडते, हे मात्र कबूल करते. सोलापूरचा उन्हाळा तसा माणसाला कशातच गोडी वाटू देत नाही. दुपारी शहर दारं लावून निपचित पडतं. अशात कुठून तरी चौघडा घुमतो, रिक्षातून मोगऱ्याच्या गजऱ्यांची टोपली जाते, जरीच्या साड्यांतल्या बायका उन्हानं डोळे बारीक करून पत्ता विचारत हिंडतात, आणि शहर एकदम जागं होतं. कार्यालयात शिरताना अंगावर गुलाबपाणी उडतं, त्याचा तो गार शहारा मला अजून लहान मुलीसारखा हवासा वाटतो.

शिवाय मला बोलावणी असतात. मंगलाष्टकं म्हणायला. वर्गातल्या मुलींची लग्नं, मग त्यांच्या नणंदांची, मग नणंदांच्या शेजारणींची. लोक आधी फोन करून विचारतात, "बाई, लग्नाला कुठला राग चांगला?" मी म्हणते, आधी वेळ सांगा. सकाळच्या देवकाला बिलावल घ्या, नुकतं सारवलेलं अंगण कसं दिसतं, तसा असतो तो. हळदीला पिलू, कारण त्याला थोडा वात्रटपणा चालतो. दुपारच्या मुहूर्ताला वृंदावनी सारंग. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात माठातल्या पाण्याचा तांब्या द्यावा, तसं त्याचं काम. गोरज मुहूर्ताला यमन, त्याबद्दल वादच नाही. रात्रीच्या पंगतीला दुर्गा. मारवा मात्र नको. तो येतो बरोबर तिन्हीसांजेला, पण येताना हुरहुर घेऊन येतो, आणि मुलीच्या आईला त्या दिवशी आणखी हुरहुर नको असते. आणि भैरवी सगळ्यात शेवटी. भैरवी झाली, की त्यानंतर काही गायचं-वाजवायचं नसतं.

अर्थात हे सगळं सांगून काही उपयोग नसतो. वरात बँडपुढं नाचत राहते, सकाळचा राग दुपारी वाजतो आणि दुपारचा संध्याकाळी. मी माईकपाशी वाट बघत उभी असते. मग एकदाचा अंतरपाट धरला जातो, अक्षता वाटल्या जातात, आणि शेवटच्या "सावधान"ला अख्खा मांडव एकदम श्वास सोडतो. तो क्षण मी शेकडो लेकींच्या डोक्यावर गायला आहे. प्रत्येक वेळी नवा वाटतो.

गेल्या वैशाखात केतकीचं, माझ्या लेकीचं लग्न झालं.

ती पुण्याला नोकरीला. "आई, डीजे नको, आपण क्लासिकल ठेवू," म्हणाली, आणि मी इतकी हरखले, की फोनवरच बिलावलपासून सुरुवात केली. तिकडून हसू. "अगं, तू ठरव ना. मला त्यातलं काय कळतंय?"

हे ऐकलं, की माझ्या आत कुठंतरी एक दार लागतं. कारण तिला कळत होतं. चार-पाच वर्षांची असताना ती वर्गात माझ्या मांडीला टेकून बसायची. मोठ्या मुली ताना घ्यायच्या आणि ही तोंड मिटून नुसता सा धरायची, भुंग्यासारखा. धरता धरता पेंग आली, की सूर हळूच खाली घसरायचा. मग मी तिच्या गुडघ्यावर टिचकी मारायची, "केतकी, उतरतेयस." ती दचकून सूर वर घ्यायची. पुढं दहावीच्या वर्षी तिनं वर्गात बसणं सोडलं. भांडण नाही, रुसवा नाही. एवढंच म्हणाली, "आई, घरात बाई नको गं मला. घरात आईच पाहिजे." आईपण शाबूत राहिलं, पण त्या दिवसानंतर ती माझ्यासमोर कधी गायली नाही. मीही कधी आग्रह धरला नाही. गावाच्या पोरी सुरात आणल्या आणि घरचा सूर तेवढा गप्प राहिला, याचं वाईट वाटायचं. आत्ताही लिहिताना वाटलं.

म्हणून तिच्या लग्नात मला गायचं होतं. तिच्या डोक्यावर शेवटचं मंगलाष्टक माझंच हवं होतं. आणि नेमकं तेच मला करता येणार नव्हतं, कारण आमच्यात मुलीच्या आईनं लेकीचं लग्न पाहायचं नसतं. इकडं मंगलाष्टकं सुरू झाली, की तिकडं आईनं आत जाऊन तुळशीपुढं उभं राहायचं आणि तिला पाणी घालत राहायचं. का, ते कुणाला धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं दृष्ट लागते, कुणी म्हणतं आईच्या डोळ्याला पाणी आलेलं लेकीनं पाहू नये. माझी आईही माझ्या लग्नात अशीच उभी होती. पुढं माहेरपणाला गेल्यावर मी विचारलं, "आई, तुला काय दिसलं गं?"

"काय दिसणार? तुळस," ती म्हणाली. मग गहू निवडता निवडता म्हणाली, "चौघडा वाजला तेव्हा कळलं, झालं."

रीत मोडावी असं माझ्या मनात नव्हतं. माझ्या मोठ्या नणंदेला, विमलवन्संना, या गोष्टी जिवाइतक्या महत्त्वाच्या, आणि त्यांनी केतकीला अंगाखांद्यावर वाढवलेली. मी गप्प बसले आणि सगळा जीव सनईवाल्यांवर लावला.

मैंदर्गीचे दोन भाऊ सांगितले होते. मल्लप्पा सनई वाजवणार, शरणप्पा सूर धरणार, चौघड्यावर त्यांचा मेहुणा. सनईच्या जोडीत दुसरी सनई नुसता सूर धरते. पहिला वाटेल तिथं फिरून येतो, हा मात्र गाल फुगवून एकाच ठिकाणी बसलेला. घरी ठरवायला आले तेव्हा आपसात कानडी, माझ्याशी मराठी.

"दुपारी सारंग म्हन्ता? हौदु अक्का, व्हय ताई," मल्लप्पा खुशीत म्हणाला. "आमाला कोन राग इचारतंय? समद्यांना शिनेमातलंच पायजे."

शरणप्पा चहा प्याला, बशी पालथी घातली, आणि निघताना म्हणाला, "तुमी गानार न्हवं? तुमची पट्टी कोनची?"

"मी नाही गाणार," मी म्हटलं. आणि तरी पट्टी सांगितली. काळी चार.

त्यानं बोटांवर स्वर मोजले. "मंजे आमच्या पंचमात तुमचा सा," म्हणाला आणि चपला घालून गेला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन होतं. कार्यालयाच्या अंगणात पाणी मारलेलं, मातीचा वास, आतून मसालेभाताचा आणि तळणीतल्या पुऱ्यांचा वास. मल्लप्पानं यमन असा काही लावला होता, की वाढपीसुद्धा हातात पळी घेऊन दारात येऊन उभे राहिले. माझ्या वर्गातल्या मुली साड्या नेसून, गजरे माळून एका रांगेत बसल्या होत्या. मी व्याहीमंडळींच्या ओट्या भरण्यात गुंतलेली. तेवढ्यात नवरामुलाचे, अभिजितचे मामा रंगात आले. "आवो, भैरवी वाजवा की जरा! लई गोड आसती!"

मुलाच्या मामांचा शब्द मोडायचा कसा? मल्लप्पानं माझ्याकडं पाहिलं, माझी पाठ होती. त्यानं भैरवी लावली.

आता माझ्या वर्गाचा एक नियम आहे. भैरवी झाली, की बसून राहायचं नाही. बसून राहणं म्हणजे गाणाऱ्याला "अजून गा" म्हणणं. नमस्कार करायचा आणि उठायचं. मुली शहाण्या. भैरवी संपताच सगळ्या उठल्या, मल्लप्पाला वाकून नमस्कार केला आणि चपला शोधायला लागल्या. त्यांच्यामागं त्यांच्या आया उठल्या. आया उठल्या म्हणून शेजारपाजारचे उठले. त्यांना वाटलं, जेवण उद्याच असेल. बघता बघता निम्मं अंगण रिकामं, आणि आतून पुऱ्यांची पहिली परात बाहेर येतेय!

"अहो जेवण! जेवण राहिलंय!" म्हणत हे फाटकाकडं धावले. त्यांच्यामागं इरकलीचा काठ सावरत मी. रिक्षात बसलेल्या शिरीषाला मी दंडाला धरून खाली उतरवलं. ती आमच्या पूर्व भागातल्या विणकरांची मुलगी, वर्गात सगळ्यांत काटेकोर.

"बाई, भैरवी झाली ना? आता कसं बसायचं?"

"आज माफ. चला, बसा."

तिला पटेना. ओठ चावून म्हणाली, "मग त्यांना पुन्हा यमन घ्यायला सांगा. यमन लागला तर बसतो."

शेवटी मल्लप्पानं हसत हसत पुन्हा यमन लावला, तेव्हा कुठं पंगत बसली.

हे सगळं बघून खांबाला टेकलेली एक बाई पदरानं डोळे पुसत हसत होती. ही अभिजितची थोरली आत्या, पारूआत्या, मंगळवेढ्याची. घरच्या ज्वारीचं पोतं घेऊन आली होती, अक्षतांना तीच ज्वारी पाहिजे म्हणून. पंगत उठल्यावर पान लावत माझ्याजवळ बसली. विमलवन्सं शेजारीच होत्या.

"बाई, तुमच्या पोरी लई शिस्तीच्या हायत की! उपाशी निगाल्या हुत्या," ती म्हणाली. "आन् उद्या तुमी गानार न्हवं? समदे म्हन्त्यात, तुमच्याबिगर सोलापुरात लगीन लागत न्हाय."

"उद्या नाही हो. उद्या मी आत, तुळशीपाशी."

"व्हय, ती रीत आमच्यातबी हाय." तिनं पान दुमडलं, गालात सरकवलं, आणि चघळता चघळता थांबली. "पर बगायचं न्हाय म्हन्त्यात न्हवं? गायाचं न्हाय, आसं कुटं म्हनलंय?"

मी वन्संकडं पाहिलं. वन्सं पानाच्या तबकाकडं पाहत होत्या.

"असं आजवर कुणी केलं नाही," वन्सं म्हणाल्या.

"कुनी केलं न्हाय, कारन कुनाला गाता येत न्हवतं. हिला येतंय की."

वन्संनी सुपारीचं एक खांड उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. त्या काय ठरवताहेत ते मला दिसत होतं, आणि मी देवाचं नाव घेत होते. शेवटी ते तबकात टाकून त्या म्हणाल्या, "दार मात्र लावलेलं पाहिजे हं. आणि पाणी घालणं थांबवायचं नाही."

मी भर अंगणात, सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं, की मांडवाच्या कापडातूनही डोळे दिपत होते. तुळस ठेवली होती मांडवालगतच्या सामानाच्या खोलीत. नारळाची पोती, उपडी पातेली, पाण्याचे जार, आणि मधे स्टुलावर कुंडी. माईकची वायर तिथपर्यंत पोचेना. "ऱ्हाऊ दे वायर, मोट्यानं म्हना," म्हणत पारूआत्यानं मला आत ढकललं आणि वन्संनी बाहेरून कडी लावली. मी तांब्या उचलला.

बाहेरचा सारंग थांबला. म्हणजे अंतरपाट धरला. गुरुजींनी सुरुवात केली. मग केतकीच्या मामानं एक म्हटलं, त्यानं दर ओळीला पट्टी बदलली. मग व्याह्यांकडच्या एका काकांनी सिनेमाच्या चालीवर म्हटलं आणि चाल मधेच विसरले. एरवी माझी दाढ दुखली असती. त्या दिवशी मी आपली तुळशीला पाणी घालत होते. पाणी कुंडीतून उतू जाऊन स्टुलावरून माझ्या पायांवर येत होतं, आणि माझी गायची वेळ आली, तर सा कुठं आहे हेच सापडेना. तंबोरा नाही, पेटी नाही. मला सा सापडेना!

तेवढ्यात दाराशी, अगदी फळीला लागून, सूर आला. शरणप्पा कधी येऊन बसला होता कोण जाणे. त्यानं पंचम धरला होता, म्हणजे माझा सा, माझी काळी चार. ना वर, ना खाली.

मी डोळे मिटले आणि सारंगात शेवटचं मंगलाष्टक उचललं. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्या ओळीपासून नाही. दार बंद होतं, तरी बाहेर मांडव गप्प झालेला मला कळत होता. इतकी वर्षं गाते आहे, पण त्या दिवशी मला माझा आवाज माझा वाटलाच नाही. तो माझ्या आधीच दाराबाहेर तिच्याजवळ जाऊन उभा होता. शेवटच्या "सावधान"ला चौघडा कडाडला, टाळ्या, हसणं, पोरांचा गलका. दाराखालच्या फटीतून हळदीकुंकवात रंगवलेले ज्वारीचे दाणे घरंगळत आत आले आणि सांडलेल्या पाण्यात थांबले.

मग कडी निघाली आणि हार घातलेली केतकी दारात उभी.

"ऐकू आलं का गं?" मी विचारलं.

"आलं." तिनं खाली पाहिलं. "आई, तुळस बुडवलीस की!"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की वन्सं रागावल्या. निरोपाच्या वेळी तिनं मल्लप्पाला सांगितलं, "भैरवी नको हं मामा. आईच्या पोरी उठून जातील." मल्लप्पानं मग पिलू वाजवला आणि लेक हसत हसत गाडीत बसली. मी रडले, ते गाडी वळल्यावर. पण ते चांगलं रडणं होतं.

याला आता वर्ष होईल. लग्नाचा व्हिडिओ कधीचाच आला, सगळ्यांनी पाहिला, मी पाहिलेला नाही. वन्संसुद्धा म्हणतात, "अगं, आता काय त्याचं? बघ की." पण मला बघावासा वाटत नाही. मी तिचं लग्न माझ्या आईसारखंच केलं, नुसत्या कानांनी, आणि ते मला तसंच आवडतं.

आज दुपारी यांनी टीव्हीवर तो लावला. मी स्वयंपाकघरात, पाठ करून, कैऱ्या किसत होते. केतकीच्या मामाची बदलती पट्टी आली, काकांची विसरलेली चाल आली. मग माझा आवाज आला, लांबून, दारामागून. शरणप्पाचा सूर. गुरुजींच्या गळ्यात माईक होता आणि ते अंतरपाटाला खेटून उभे होते, त्यामुळं तिथलं सगळं त्यात आलेलं. गुरुजींचा श्वास, बांगड्यांची किणकिण.

आणि त्याखाली आणखी एक सूर. बारीक, तोंड मिटून धरलेला, भुंग्यासारखा. अगदी माईकजवळ. माझं अख्खं मंगलाष्टक होईपर्यंत तो तसाच होता, आणि शेवटाकडं जरासा खाली घसरला.

किसणी माझ्या हातात तशीच राहिली.

बाहेरच्या खोलीतून यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. "अगं, ऐकलंस का? ही आपली केतकी गुणगुणतेय की! गेल्या खेपेला माझ्या लक्षातच आलं नव्हतं." मग जरा दबकत, इतकी वर्षं माझ्याबरोबर काढलेल्या माणसानं विचारलं, "सूर उतरलाय का गं थोडा?"

"नाही," मी म्हटलं. "अगदी बरोबर लागलाय. पुन्हा लावा."